जागा क्रमांक चौदा

भाड्याच्या घराचा करार वाचून दाखवताना एजंट सहसा कंटाळलेला असतो. आमचाही होता. मुदत अकरा महिने, भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत, कुत्रा पाळायचा नाही, अशी त्याची गाडी सुरळीत चालली होती. सतराव्या कलमापाशी तो अडखळला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

"भाडेकरू व सहभाडेकरू यांनी पार्किंगच्या जागा क्रमांक चौदामधील झुडपावर कपडे, पायपुसणी अगर तत्सम वस्तू वाळत घालू नये. सदर झुडपाच्या पानांवर बारीक अंड्यांचा पुंजका आढळल्यास चोवीस तासांच्या आत मालकास तोंडी कळवावे. मालक झोपलेला असल्यास उठवावे."

"कसली अंडी?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"फुलपाखराची," समोर बसलेले घरमालक म्हणाले. "कोंबडीची सापडली तर तुम्ही खा. माझी हरकत नाही."

एजंटनं आमच्याकडे पाहिलं, आम्ही एकमेकांकडे पाहिलं. विरार पश्चिमेला खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या काठी नव्यानं उठलेल्या त्या सोसायटीत आम्हाला परवडणारं एवढं एकच घर होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आम्ही मशीनवर नुसते अंगठे टेकवले.

घरमालक मोजणी खात्यातून निवृत्त झालेले भूमापक. सगळी सोसायटी त्यांना मोजणीकाका म्हणायची. ते आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात टेप आणि कानावर पेन्सिल. लिफ्टची वाट बघताना हा माणूस लिफ्टचं दार मोजायचा. काल मोजलेलं दार आज पुन्हा मोजायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, दार काय रात्रीत वाढतंय का?" तर म्हणाले, "अहो भाडेकरू, नजरेवर विश्वास ठेवू नये. टेप लावावा."

मला ते शेवटपर्यंत 'अहो भाडेकरू' म्हणाले. माझ्या नवऱ्याला 'सहभाडेकरू'. मी सकाळच्या शाळेत शिकवते, मुलांकडून 'बाई, बाई' ऐकून कान किटतात. तरी घरी आल्यावर कोणी तरी नावानं हाक मारावी असं वाटतंच. त्यांच्याकडून ती अपेक्षा मी दुसऱ्या महिन्यात सोडून दिली.

आणि चतुःसीमा! जमिनीच्या कागदात पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण लिहितात ना, तसंच ते बोलायचे. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिनं जिन्यात त्यांना विचारलं, आपण कुठं राहता? ते म्हणाले, "पूर्वेस लिफ्ट, पश्चिमेस खाजण, उत्तरेस सासू-सुनेचं भांडण आणि दक्षिणेस आपली मुलगी." आई घरात येऊन मला म्हणाली, दाराला आणखी एक कडी लावून घे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याबद्दल ते एकदाच बोलले. म्हणाले, "तेव्हापासून माझी पूर्वेची बाजू मोकळी आहे." मला हसू येणार होतं, पण आलं नाही.

भाडेकरूंची त्यांना भीती वाटायची. ती त्यांच्या धंद्यातली भीती होती. उभ्या हयातीत त्यांनी मालकांच्या जमिनीला कूळ लागलेलं पाहिलं होतं. सातबाऱ्यावर कुळाचं नाव चढलं, की ते काही केल्या निघत नाही. कसणाऱ्याची जमीन होते आणि मालक तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालत बसतो. "भाडेकरू म्हणजे उद्याचं कूळ," असं ते मला तोंडावर सांगायचे, तेही मी दिलेले पोहे खाताना. म्हणून दर अकरा महिन्यांनी ते आमचा भोगवटा खंडित करायचे. म्हणजे काय, तर मी आणि नवऱ्यानं एकेक पिशवी घेऊन घराबाहेर पडायचं, दाराला त्यांनी कुलूप लावायचं, आणि आम्ही दहा मिनिटं जिन्यात उभं राहायचं. ते घड्याळ बघत आमच्याबरोबर उभे राहायचे. स्वतःच्या घरातून आमच्यासाठी चहा आणायचे. दहा मिनिटं झाली की कुलूप काढून म्हणायचे, "या. नवीन भाडेकरू आले." जाणारे-येणारे शेजारी आमच्याकडे बघून चुकचुकायचे. हे आम्ही तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी चहाबरोबर खारी होती.

आता जागा क्रमांक चौदा.

सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीला लागून ही पार्किंगची जागा. तिथं एक झुडूप होतं आणि झुडपात एक स्कूटर होती. मोरपंखी रंगाची, फार जुनी. झुडपाच्या लोंबत्या फांद्या हँडलमधून, चाकांतून, मागच्या कॅरिअरमधून गेल्या होत्या. स्कूटर झुडपात लावलीय की झुडूप स्कूटरवर उगवलंय ते कळत नसे. काकांना स्कूटर चालवता येत नव्हती. सायकलही येत नव्हती. ते आयुष्यभर चालले होते, हातात मोजणीची साखळी घेऊन.

झालं होतं असं. पार्किंगच्या जागांची सोडत निघाली तेव्हा कमिटीनं हे झुडूप तोडायचं ठरवलं होतं. काकांनी विनवण्या केल्या, अर्ज केले, काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी सोसायटीचा स्वभाव मोजला. आपल्याकडे झाड तोडायचं तर कमिटीचा ठराव पुरतो, पण कोणाच्या लावलेल्या गाडीला हात लावायचा तर डोकी फुटतात. त्यांनी भंगारवाल्याकडून आर.सी. बुकासकट स्कूटर आणली, कोणालाच नको असलेली चौदा नंबरची जागा मागून घेतली, आणि स्कूटर ढकलत नेऊन झुडपात लावली. त्या दिवसापासून झुडपाला कोणी बोट लावलं नाही. कमिटीत जो तो म्हणायचा, "नको बाबा, पार्किंगचा मामला आहे."

झुडपाचं नाव मला सांगितलं ते अर्नाळ्याहून येणाऱ्या मावशीनं. ती गेटवर मासळीची टोपली घेऊन बसायची. मी एकदा बोंबील घेताना विचारलं, तर म्हणाली, "अगो बाय, यो खाकन हाय. मिठागराव लय व्हता. माजा बापूस ह्याच्या काटकीनं दात घासाचा. मरेपरयंत सगले दात व्हते त्याचे. तुमच्या लोकांना पेस्ट लागते, न् तिशीतच कीड."

काका त्याला खाकण म्हणायचे. आणि त्याच्यावर जगणारं ते फुलपाखरू. अंगठ्याच्या पेराहून थोडं मोठं, गुलाबी आणि नारिंगीच्या मधला रंग, पंखांना काळी जाड किनार आणि किनारीवर फिके ठिपके. रखरखीत जागेतलं पाखरू. दुपारी ऊन असं तापतं की सोसायटीतली कुत्री गाड्यांखाली शिरतात, तेव्हा हे बाहेर पडायचं आणि जमिनीलगत भिरभिरत राहायचं. आभाळ भरून आलं की कुठं दडायचं देव जाणे. अंडी घालणार ती खाकणाच्याच पानावर, पुंजक्यानं. अळ्या खाणार तीही हीच पानं. दुसरं काही त्यांना चालत नाही. काका म्हणायचे, "माझ्यासारखंच आहे. खानावळ बदलत नाही."

मला आधी वाटायचं, एकट्या म्हाताऱ्याला काहीतरी नाद हवा असतो. खरं कारण त्यांनी सांगितलं ते एका दुपारी, स्कूटरच्या सीटवर बसून. सोसायटीची ही जमीन त्यांनीच मोजली होती. तेव्हा इथं इमारत नव्हती, रस्ता नव्हता. खाजणाच्या काठानं खाकणाची लांब रांग होती. हद्दीचा दगड सापडेना. गावातला एक म्हातारा म्हणाला, साहेब, दगड कशाला शोधता, हद्द ह्या झुडपांचीच. काकांनी झुडपांना धरून रेघ मारली.

"पण अलीकडून मारायची, ती मी पलीकडून मारली," ते म्हणाले. "ऊन होतं. डोकं दुखत होतं. पलीकडे सावली होती, म्हणून मोजणीचं टेबल तिकडं मांडलं. एका सावलीपायी अख्खी रांग बिल्डरच्या हद्दीत गेली. त्याला मी काय सांगणार? त्यानं माझ्याच नकाशावर बोट ठेवून रांग तोडली. हे एक कोपऱ्यात होतं म्हणून राहिलं. हे गेलं, की चुकीची खूणसुद्धा राहत नाही, अहो भाडेकरू. मग माझी रेघच खरी."

त्यानंतर मी त्यांच्या नादाला हसले नाही. म्हणजे हसले, पण घरात जाऊन.

कारण हसण्यासारखं फार होतं. फुलपाखरांची नोंद ते सातबाऱ्यात ठेवायचे. मोठ्या वहीत पट्टीनं रकाने आखून गाव नमुना सात आणि नमुना बारा. गट क्रमांकाच्या जागी 'पार्किंग चौदा'. भोगवटादार: फुलपाखरू, वंशपरंपरागत. इतर अधिकार: काळे मुंगळे, येण्याजाण्याचा रस्ता. बोजा: स्कूटर एक. कुळाचा रकाना रिकामा, त्यावर लाल शाईनं आडवी रेघ. आणि बाराच्या पानावर रोज दुपारी पीक पाहणी. अंडी किती, अळ्या किती, उडणारी किती, आणि शेवटी शेरा. शेरेही सरकारी. 'पीक जोमदार.' 'अळ्यांनी पूर्वेची फांदी संपवली, समाधानकारक.' 'चेअरमन येऊन पाहून गेले, नुकसान नाही.'

एके दुपारी मी शाळेतून येत होते. काका झुडपापाशी उभे होते. मला बघून त्यांनी हातानं थांबा म्हणून खूण केली. चेहरा असा फुलला होता की विचारू नका. "हलू नका! बघा, बघा, हँडलच्या उत्तरेस. किती शांत बसलंय!"

मी पाहिलं. हँडलच्या उत्तरेस, काटकीत अडकलेला, गोळीचा गुलाबी कागद होता.

वाऱ्यानं तो थोडा फडफडला. "पंख उघडतंय," काका कुजबुजले. त्यांनी वही उघडली, डोळ्यांजवळ नेली, फारच जवळ नेली, आणि लिहिलं: उडणारी, एक. वर्गात चुकीचं उत्तर ऐकून मी कधी गप्प बसत नाही, पण त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही. त्या आधीचे सगळे आकडे मला आठवायला लागले. जिन्यात ते भिंतीला हात लावून का उतरतात, लिफ्टचं दार रोज का चाचपतात, तेही आठवलं. मोतीबिंदू पिकला होता आणि ते कोणालाच सांगत नव्हते. नाशिकला राहणारा त्यांचा मुलगा कळताच त्यांना घेऊन गेला असता, आणि मग जागा चौदाला वाली कोण?

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेतून थेट झुडपापाशी जायला लागले. म्हटलं, काका, मलाही शिकायचं आहे, मी मोजते, तुम्ही लिहा. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, म्हणजे माझ्या दिशेला पाहिलं. "टेप लावून मोजणार का?" म्हणाले. मी म्हटलं, "अळीला टेप लावू?" म्हणाले, "मग नीट बघून मोजा." पुढे दीड वर्ष मी बघत गेले आणि ते लिहीत गेले. नवरा म्हणायचा, तू भाडेकरू आहेस की कारकून?

अशात चेअरमनसाहेबांना कल्पना सुचली. हे गृहस्थ निवृत्त, पांढरे बूट घालणारे, पहाटे पाच वाजता सगळ्या ग्रुपवर सुप्रभात पाठवणारे. त्यांना दिवाळीपर्यंत सोसायटीत सेल्फी पॉइंट हवा होता. भिंतीवर मोठे फुलपाखराचे पंख रंगवायचे, मधे माणसानं उभं राहायचं, दिवे लावायचे, की फोटोत माणसाला पंख फुटलेले दिसतात. आणि त्यासाठी साऱ्या कंपाउंडमध्ये त्यांना आवडलेली भिंत कोणती, तर जागा चौदाच्या मागची.

मी त्यांना म्हटलं, "साहेब, तिथं खरी फुलपाखरं आहेत. ती उठवून तुम्ही खोटी काढणार?"

"मॅडम, खरी छोटी आहेत," ते म्हणाले. "फोटोत येत नाहीत."

पार्किंगला हात लावता येत नाही हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी नोटीस काढली. आवारात बंद पडलेली वाहनं साठली आहेत, सबब येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता प्रत्येक सभासदाचं वाहन गेटबाहेर जाऊन, सोसायटीला एक फेरी मारून परत आपल्या जागी आलं पाहिजे. न आल्यास जागा जप्त. आणल्यापासून जागची न हललेली एक गाडी आता तरी निघते की काय, या उत्सुकतेनं सगळ्यांनी ग्रुपवर अंगठ्याची खूण टाकून पाठिंबा दिला. कोयतेवाला माणूस रविवारीच बोलावलाय, हे मला मावशीनं सांगितलं. तिला सगळं कळायचं.

ऑक्टोबरचं कडक ऊन होतं, खाकणावर अळ्यांचा हंगाम नुकता सरला होता. आणि त्यातल्या सात अळ्यांनी फांदी सोडून स्कूटरवर उतरून कोश केले होते. पाच सीटच्या खाली, एक आरशाच्या दांडीवर, एक मागच्या नंबरप्लेटवर. मी काकांना सांगितलं तेव्हा ते स्कूटरवर बसले होते. एकदम उठले आणि सीटला नमस्कार केला.

नोटीस मी त्यांना तीनदा वाचून दाखवली. चौथ्यांदा म्हणाले, "यात इंजिनाचा उल्लेख कुठे आहे?"

"नाही."

"चालवणाराचा?"

"नाही."

"मग वाहन जाऊन येईल. ढकलत. मी मोजणीत याहून जड टेबलं ढकलली आहेत." मग थांबून म्हणाले, "पण वाहन बाहेर गेलं, की तेवढ्या वेळात तो कोयता आत येईल."

याचं उत्तर शोधत मी गेटवर गेले. ते मावशीकडे होतं. "तू गारी घेऊन जा," ती म्हणाली. "मी बसतंय थयं. बगतंय कोन मना थयनं उठवतंय ते."

शनिवारी संध्याकाळी मी आणि नवऱ्यानं स्कूटर सोडवली. एक जाड फांदी कॅरिअरच्या पट्ट्यांमधून आरपार वाढली होती. नवरा म्हणाला, एवढी एक कापूया. काकांनी त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की तो पान्हे आणायला गेला. फांदी तशीच ठेवून आम्ही कॅरिअरच काढलं. मी कोश तपासले. नंबरप्लेटवरच्याचा रंग बदलला होता. आतून गुलाबी दिसायला लागलं होतं.

"किती गुलाबी?" काकांनी विचारलं.

"गोळीच्या कागदाइतकं," माझ्या तोंडून निघून गेलं. मी जीभ चावली. त्यांनी वही बगलेत घट्ट धरली.

रविवारी नऊ वाजता गाड्यांची रांग लागली. लोक त्या न हललेल्या गाडीची वाट बघत होते. काका डोक्यावर कुणाचं तरी हेल्मेट घालून पुढे हँडल धरून उभे. मी आणि नवरा मागून ढकलणारे. चेअरमनसाहेबांनी नोटीस पुन्हा वाचून पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या आणि सोडा म्हणाले. तिकडे जागा चौदात मावशीनं टोपली मांडली, समोर कोयती उभी केली आणि आरोळी ठोकली, "ताजे बोंबील! आज इथंच!" चार बायका लगेच पिशव्या घेऊन धावल्या. चेअरमनसाहेबांचा कोयतेवाला हातात कोयता घेऊन आला, त्यानं तिची कोयती पाहिली, आणि रांगेत शेवटी उभा राहिला. अर्धा डझन बोंबील घेऊन तो परत गेला असं नंतर कळलं.

स्कूटर गेटच्या बरोबर मधोमध आली आणि मी ओरडले, "थांबा! निघतंय!"

नंबरप्लेटवरचा कोश उकलला होता. भिजलेल्या चिंधीसारखं काहीतरी बाहेर आलं आणि प्लेटला लटकलं.

"कोणीही हलू नका," काका हेल्मेटमधून गरजले. "पीक पाहणी चालू आहे!"

पुढे गेट अडलं, मागे रांग. हॉर्न सुरू झाले. बाहेरून आत येणारा गॅस सिलिंडरचा टेम्पो रस्त्यात आडवा झाला, त्याच्यामागे दूधवाला, त्याच्यामागे अर्नाळ्याची बस. चेअरमनसाहेब धावत आले. "काका, बाजूला घ्या, काय तमाशा आहे!"

"पंख वाळायला वेळ लागतो," काका म्हणाले. "आता धक्का बसला तर जन्मभर लुळं राहील. तुमच्या नोटिशीत फेरीला वेळेची मर्यादा नाही. मी तपासलंय."

हॉर्न वाजवणारा एकेक जण तावातावानं गाडीतून उतरायचा, काय झालंय बघायला पुढे यायचा, आणि वाकायचा. वाकला की गप्प व्हायचा. तोवर पंख उलगडत चालले होते. आधी चुरगळलेले, मग सरळ, आणि मग तो रंग. कोणीतरी मोबाईल काढला. मग सगळ्यांनी काढले. बायका, पोरं, बसचा कंडक्टर, सिलिंडरवाला, सगळे पाळीपाळीनं नंबरप्लेटशेजारी उकिडवे बसून स्वतःचे फोटो काढायला लागले. एक आजी म्हणाल्या, माझा घ्या रे, पण गुडघे वाकत नाहीत. तर दोघांनी त्यांना खुर्ची आणली. बस सुटायला पाऊण तास लागला आणि एकही उतारू कुरकुरला नाही. शेवटी चेअरमनसाहेब स्वतः पांढऱ्या बुटांवर उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "मॅडम, एक माझा घ्याल?" मी घेतला. फुलपाखरू फोटोत छान आलं होतं.

एवढ्या सगळ्या गर्दीत काका तेवढे उभे होते. हँडल धरून, तोंड पश्चिमेकडे. ते काहीच बघत नव्हते.

"अहो भाडेकरू," ते हळूच म्हणाले, "सांगत राहा."

मी सांगत राहिले. आता एक पंख हलवला. आता दोन्ही. आता प्लेटवरून वर चढलं. आता उन्हात बसलंय. आता गेलं.

"कुठल्या दिशेला?"

"आधी उत्तरेला गेटच्या खांबापर्यंत. मग वळलं. पश्चिमेला, खाजणाकडे."

"रेघ ओलांडली?"

"ओलांडली."

त्यांनी हेल्मेट काढलं आणि शर्टाच्या बाहीनं चेहरा पुसला. घाम होता म्हणाले. मलाही तसाच घाम आला होता.

स्कूटर फेरी पुरी करून परत चौदात लागली, आणि सेल्फी पॉइंट पुढे पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर झाला. पंख जरा उंचावर रंगवले गेले, त्यामुळे फोटोत ते माणसाच्या कानातून फुटल्यासारखे दिसतात. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र अजून नंबरप्लेटचाच फोटो आहे, आणि चेअरमनसाहेब पाहुण्यांना 'आमचं फुलपाखरू' म्हणून दाखवतात. पण त्याच फोटोनं घात केला. एका फोटोत काका भलतीकडेच बघताना दिसत होते. तो फिरत फिरत नाशिकला पोचला, मुलाला संशय आला आणि पुढच्या आठवड्यात तो येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना काकांनी माझ्याकडे जागा चौदाचा विषय काढलाच नाही. एवढंच म्हणाले, "करार संपायला दोन महिने आहेत. जिन्यात उभं राहायला मी नसेन. तुमचं तुम्ही उभे राहा."

आम्ही उभे राहिलो नाही. फुलपाड्याला घर घेतलं आणि विरार पूर्वेला राहायला गेलो. काका नाशिकहून परत आले नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं होतं म्हणे. पाच-सहा महिने त्यांना सगळं स्वच्छ दिसलं, वाचता-लिहिता आलं, आणि मग एके दिवशी दुपारी झोपले ते उठले नाहीत. करारात लिहून ठेवलं होतं, मालक झोपलेला असल्यास उठवावे. तिथं उठवायला कोणी नव्हतं.

मुलगा फ्लॅट बंद करायला आला तेव्हा त्यानं मला बोलावून लाल रुमालात बांधलेली वही दिली. "तुम्हालाच द्यायला सांगितली होती," म्हणाला. "कसला हिशोब आहे कळलं नाही."

मी चौदात जाऊन स्कूटरवर बसले आणि वही उघडली. दोनेक वर्षांपूर्वीच्या पानावर ती दुपार सापडली. 'उडणारी, एक' हे खोडलं होतं. खाली तो गुलाबी कागद चिकटवला होता, सुरकुत्या काढून, नीट. त्याच्या शेजारी शेरा, जुन्या वाकड्या अक्षरात: 'कागद. हाताला लागल्यावर कळलं. भाडेकरू बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज येतात.'

म्हणजे दीड वर्ष मी त्यांना सांभाळतेय असं मला वाटत होतं, आणि ते मला मोजत होते.

मग मी पहिलं पान उलटलं. सातबारा. कुळाच्या रकान्यावरची लाल रेघ रद्द केली होती, रद्द केल्याची सही होती. आणि त्या रकान्यात, ऑपरेशननंतरच्या घोटीव अक्षरात, माझं नाव होतं. माझं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं. ज्या माणसानं तीन वेळा मला पिशवी घेऊन जिन्यात उभं केलं, त्यानं आपण होऊन माझं नाव कूळ म्हणून लावलं होतं. माझं नाव त्यांना माहीत होतं. मी सीटवर बसून रडले. मावशीनं बघितलं आणि टोपली घेऊन दुसरीकडे तोंड करून बसली.

आता दर रविवारी मी फुलपाड्याहून रिक्षा करून तिकडे जाते. गेल्या रविवारी गेटवर नवा वॉचमन होता. त्यानं गेटची वही पुढे केली.

"किसके यहाँ जाना है?"

"चौदा नंबर."

"वो फ्लॅट तो बंद है, मॅडम."

"फ्लॅट नाही. पार्किंग चौदा."

त्यानं मला नीट न्याहाळलं. "आप ओनर हो या टेनंट?"

"कूळ," मी म्हटलं.

त्याला ते कळलं नाही. पेन माझ्याकडे सरकवून म्हणाला, आपही लिख दो. मी नाव लिहिलं. कामाच्या रकान्यात 'पीक पाहणी' लिहिलं. ऊन मस्त तापलं होतं. खाकणाला नवी पालवी होती आणि कॅरिअर नसलेल्या स्कूटरच्या मागच्या चाकातून एक कोवळी फांदी शिरली होती. मी नीट बघून मोजलं, एकेकाजवळ जाऊन, आणि काकांच्या वहीत लिहिलं: उडणारी, पाच. कागद एकही नाही.